व्हेंटिलेटर नको म्हटलं तर पाप लागतं का?

दुर्धर आजार, उपचार थांबवणं आणि इच्छामरण यांबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं.

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे आहेत. फुप्फुसाचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचलाय. धाप वाढली तर व्हेंटिलेटर लावायचा का, असं डॉक्टरांनी विचारलं. आम्ही भाऊ नको म्हणालो. बहीण म्हणते, जीव देवानं दिला, तो देवानंच न्यायचा; आपण कॅथलिक आहोत. (वसई)

बहीण म्हणते ते खरं, पण त्यावरून व्हेंटिलेटर लावलाच पाहिजे असं ठरत नाही. जमेल त्या उपायानं जीव लांबवत राहा, असं चर्चनं कधीच सांगितलेलं नाही. पोप बारावे पायस यांच्यापुढे भूलतज्ज्ञांनी १९५७ च्या नोव्हेंबरात कृत्रिम श्वासोच्छ्वासाचाच प्रश्न ठेवला होता. त्यांचं उत्तर होतं की साधारण उपाय बंधनकारक, असाधारण उपायांची सक्ती नाही. चर्चची आजची धर्मशिकवण (कॅटेकिझम या ग्रंथाचा परिच्छेद २२७८) तेच वेगळ्या शब्दांत मांडते. उपचाराचा त्रास, धोका किंवा भार फायद्याच्या मानानं फार असेल तर तो थांबवता येतो. त्यात मृत्यू घडवून आणायचा हेतू नसतो, तो टाळता येत नाही एवढं मान्य केलेलं असतं. मात्र हा निर्णय आधी रुग्णाचा. वडील शुद्धीवर असतील तर भावाबहिणींनी वाद घालण्याआधी त्यांना विचारा.

डॉक्टरांना नेमकं विचारा : धाप कशामुळे वाढेल? न्यूमोनिया किंवा फुप्फुसाभोवती साठलेलं पाणी असेल, तर ते उतरेपर्यंत चार दिवस यंत्राचा आधार घेणं योग्य ठरू शकतं. गाठीनंच फुप्फुस व्यापलं असेल, तर यंत्र निघण्याची आशा जवळपास नसते. मुदत ठरवून यंत्र लावणं आणि उपयोग नाही असं दिसल्यावर काढणं, दोन्ही चर्चला मान्य आहे. 'एकदा लावलं की काढता येत नाही' या भीतीनं अनेक घरं गोंधळतात. ती अडचण ज्यू धर्मशास्त्रात खरी आहे. तिथं अनेक रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) मते यंत्र न लावणं चालतं, पण चालू यंत्र बंद करणं चालत नाही. म्हणून इस्रायलच्या २००५ च्या कायद्यानं व्हेंटिलेटरला टायमर लावायची सोय केली. मुदत संपली की तो पुन्हा चालू करायचा की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

व्हेंटिलेटर नको म्हणजे सगळंच बंद, असं मात्र नव्हे. ऑक्सिजन, कूस बदलणं, तोंड ओलं ठेवणं, धापेवरचं औषध हे चालूच राहतं. आणि फादरना आजच बोलवा. तैलाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावणं, हा मेल्यावर द्यायचा संस्कार नाही. आजार गंभीर झाला की तो देता येतो, प्रकृती आणखी बिघडली तर पुन्हाही. शुद्ध हरपल्यावर पापनिवेदन होत नाही आणि ख्रिस्तप्रसाद गिळताही येत नाही. घरचे धास्तावतील म्हणून थांबलेली माणसं नेमकी इथंच चुकतात.

प्रश्न : आईचा कॅन्सर हाडांत पसरलाय. रात्री 'संपवा मला एकदाचं' म्हणते. डॉक्टरांनी मॉर्फिन सुचवलं. मामा म्हणतात, तो हळूहळू मारण्याचाच प्रकार. (नाशिक)

मामांना नम्रपणे सांगा की तसं नाही. वेदना शमवणं हाच हेतू असेल तर गुंगी आली, क्वचित आयुष्य थोडं कमी झालं तरी चालेल, हे पोप बारावे पायस यांनीच १९५७ च्या फेब्रुवारीत स्पष्ट केलं होतं. व्यवहारात तेवढंही सहसा होत नाही. तोंडावाटे कमी मात्रेपासून सुरुवात करून वेदनेच्या हिशेबानं मात्रा वाढवली, तर श्वास मंदावण्याचा धोका फार कमी असतो.

बिघडतं ते दुसरीकडेच. बद्धकोष्ठता जवळपास सगळ्यांना होते. पहिल्या गोळीबरोबरच पोट साफ होण्याचं औषध सुरू केलं नाही, तर आठवड्याभरात रुग्ण मॉर्फिनच नको म्हणतो. मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते. मूत्रपिंडं कमजोर असतील तर औषध साठत जातं, हातपाय दचकल्यासारखे उडतात. लगेच डॉक्टरांना कळवा. गोळ्या वेळेवर द्यायच्या, दुखेपर्यंत थांबायचं नाही, आणि मात्रा आपल्या मनानं बदलायची नाही. २०१४ मध्ये अमली पदार्थ कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्यांची कटकट कमी झाली, तरी मॉर्फिन प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. पॅलिएटिव्ह केअर (वेदना आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा) असलेलं रुग्णालय गाठा. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे.

आणि 'संपवा मला' हे वाक्य डॉक्टरांपर्यंत जसंच्या तसं पोचवा. त्यामागे पुष्कळदा न शमलेली वेदना, झोप नसणं किंवा नैराश्य असतं, आणि तिन्हींवर इलाज आहे.

प्रश्न : नाकातली नळी काढली तर आपण उपाशी मारलं असं होतं का? (मडगाव)

इथं चर्च व्हेंटिलेटरपेक्षा कडक आहे. नळीतून दिलेलं अन्नपाणी ही मुळात साधी शुश्रूषा आहे, असं जॉन पॉल दुसरे यांनी २००४ मध्ये सांगितलं आणि व्हॅटिकननं २००७ मध्ये ते कायम केलं. वर्षानुवर्षं बेशुद्ध असलेल्या, पण मरणपंथाला न लागलेल्या माणसाची नळी 'असं जगून काय उपयोग' म्हणून काढणं चर्चला मान्य नाही.

अखेरच्या दिवसांत गोष्ट बदलते. शरीर अन्न घेईनासं होतं, दिलेलं उलटून फुप्फुसात जातं, अंगावर सूज येते, घशात घरघर वाढते. अशा वेळी नळी पोषण देत नाही, त्रासच देते, म्हणून थांबवता येते. मग चमच्यानं दोन थेंब पाणी, ओल्या कापसानं तोंड पुसणं, ओठांना व्हॅसलिन. भूक गेली म्हणून माणूस मरत नसतो, मरणाकडे चाललाय म्हणून भूक गेलेली असते.

प्रश्न : काका कॅनडात आहेत. त्यांनी डॉक्टरी मदतीनं मरण्यासाठी अर्ज केलाय. फादर येतील का? आम्ही जवळ बसावं का? (वसई)

फादर भेटायला येतील, यायलाच हवेत. पण २०२० च्या 'समारितानुस बोनुस' या व्हॅटिकनच्या पत्रानुसार, अर्जावर ठाम असलेल्या माणसाला पापक्षमा, तैलाभ्यंग आणि ख्रिस्तप्रसाद देता येत नाही. विचार बदलल्याची ठोस खूण, उदाहरणार्थ अर्ज मागे घेणं, दिसली की हे संस्कार देता येतात. तो अर्ज कधीही मागे घेता येतो, हे काकांना कुणीतरी प्रेमानं सांगायला हवं. प्रत्यक्ष त्या वेळी फादर खोलीत थांबत नाहीत, कारण थांबणं म्हणजे संमती असं दिसतं. तुम्ही आदल्या दिवसापर्यंत जवळ बसा, हात धरा, मतभेद असला तरी. अर्जावर साक्षीदार म्हणून सही मात्र करू नका. चर्चच्या दृष्टीनं तो त्या कृत्यातला सहभाग ठरतो. शिवाय मृत्युपत्रात ज्याला काही मिळणार असेल त्याला कॅनडाचा कायदाही साक्षीदार होऊ देत नाही.

दफनविधीबद्दलची भीती बरीचशी १९१७ च्या जुन्या चर्च कायद्यातून आलीय. १९८३ च्या कायद्यात आत्महत्येवरून विधी नाकारायचं कलमच नाही. निर्णय स्थानिक धर्मगुरू आणि बिशप घेतात. सगळे ख्रिस्ती एकमताचे नाहीत, हेही खरं : युनायटेड चर्च ऑफ कॅनडानं २०१७ मध्ये अशा मरणाला सरसकट विरोध नसल्याचं जाहीर केलं.

प्रश्न : मग जैनांची सल्लेखना काय वेगळी? आजोबा घ्यायची म्हणतात. गुन्हा होतो का? (सांगली)

सल्लेखना म्हणजे अन्नपाणी हळूहळू सोडून मरण स्वीकारण्याचं व्रत. राजस्थान उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१५ मध्ये ती आत्महत्या ठरवली होती. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली.

जैन आचार्य समंतभद्रांच्या 'रत्नकरंड श्रावकाचार' या ग्रंथात अटी स्पष्ट आहेत : न टळणारं संकट, दुष्काळ, म्हातारपण किंवा ज्यावर उपाय नाही असा रोग. लवकर मरण यावं अशी इच्छा धरणं हाच व्रतातला एक दोष मानलाय, आणखी जगावं ही इच्छाही तशीच. म्हणजे त्रासाला कंटाळून 'सुटावं' म्हणणाऱ्याची ती सल्लेखना होत नाही. आचार्य शांतिसागरांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीला ती घेतली, तेव्हा दृष्टी जात चालल्यानं मुनिधर्म पाळणंच अशक्य होत होतं. आजोबांच्या बाबतीत आधी डॉक्टर, मग मुनी महाराजांची अनुज्ञा. आजी नुकत्याच गेल्या असतील तर जेवण सुटणं हे दुःखाचं लक्षण असू शकतं, व्रताचं नव्हे. कॅथलिक चर्च मात्र मरण्यासाठी अन्न सोडणं स्वीकारत नाही, हेतू कितीही शुद्ध असो. विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न, पाणी, औषध सोडलं. पुष्कळ हिंदूंना ते प्रायोपवेशन (मरेपर्यंतचा उपवास) वाटतं, चर्चच्या कसोटीला ते उतरणार नाही.

प्रश्न : इस्लाम काय म्हणतो?

जीव देणं आणि देववणं दोन्ही हराम. निरुपयोगी ठरलेला उपचार थांबवायला बहुतेक उलेमांची हरकत नाही.

प्रश्न : लिव्हिंग विल कसं करायचं? कॅथलिकाला चालतं का?

चालतं. पुढे बोलता येईनासं झालं तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवणं म्हणजे लिव्हिंग विल. इंजेक्शन देऊन मारणं भारतात गुन्हाच आहे, विलमध्ये लिहिलं तरी. उपचार नाकारण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मान्य केला आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही, नंतर नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन. निर्णय घेणाऱ्या नातेवाइकांची नावं घाला. एकच नको, आणि ती व्यक्ती परदेशात असेल तर दुसरी इथली हवी. एक प्रत फॅमिली डॉक्टरला, एक महापालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनीच पहिलं विल नोंदवून सुरुवात करून दिली.

वेळ आल्यावर रुग्णालयाचं मंडळ (उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ) शक्यतो ४८ तासांत मत देतं. दुसरं मंडळ ते तपासतं, त्यात जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला एक डॉक्टर असतो. मग दंडाधिकाऱ्यांना कळवून उपचार थांबतात. त्यांची परवानगी लागत नाही, कळवणं पुरतं.

'कृत्रिम उपाय नकोत' एवढंच लिहिलं तर मंडळ अडकतं. व्हेंटिलेटर, डायलिसिस, छाती दाबून हृदय चालू करणं, अतिदक्षता विभाग यांबद्दल वेगवेगळं लिहा. कॅथलिक असाल तर दोन ओळी वाढवा : शरीर घेतंय तोवर नळीनं अन्नपाणी द्यावं, आणि शुद्ध असतानाच फादरना बोलवावं. मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका; रविवारी रात्री रुग्णालयात तो कुणाच्याच हाती लागत नाही.