काळ्या गाडीसाठी रोटरी पॉलिशर: 1,200 वॉटचा घ्यावा की 1,400 वॉटचा?

आपल्या काळ्या सेदानवर उन्हात दिसणारे गोलाकार बारीक ओरखडे घालवण्यासाठी मकिताचा 1,200 वॉटचा 9237सी घ्यावा की बॉशचा 1,400 वॉटचा जीपीओ 14 सीई, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते वॉटचा आकडा येथे दुय्यम आहे. यंत्र किती सावकाश फिरू शकते आणि दाब दिल्यावरही तोच वेग टिकवते की नाही, हे आधी पाहावे.

रोटरीचे पॅड एकाच आसाभोवती फिरत असल्यामुळे ते झपाट्याने कापते, पण उष्णताही एकाच जागी साठवते. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, बहुधा 40 ते 50 मायक्रॉनच जाड असतो आणि बॉनेटच्या कडांवर तो आणखी पातळ असतो. प्लॅस्टिकचा बंपर पत्र्यासारखी उष्णता पसरवत नाही, त्यामुळे तेथे रंग सर्वांत लवकर जळतो. म्हणून कडांना मास्किंग टेप लावावी आणि बंपरवर यंत्र थांबू देऊ नये.

कंपाउंड (ओरखडे घासून काढणारी पेस्ट) पसरवताना मिनिटाला सुमारे 600 ते 800 फेरे आणि प्रत्यक्ष काम करताना 1,000 ते 1,800 फेरे पुरतात. 3,000 ची गरज घरच्या कामात पडत नाही. मकिता 600 पासून सुरू होतो, बॉश 750 पासून. हा फरक किरकोळ आहे आणि दाबाखाली वेग टिकवण्याची सोय दोन्हींत आहे. मकिता साधारण 3 किलोचा, तर बॉश सुमारे अर्ध्या किलोने हलका आहे. दारांच्या उभ्या पत्र्यावर तासभर काम केल्यावर हे अर्धा किलो खांद्याला चांगलेच जाणवते, म्हणून मी बॉशकडे झुकेन. दुकानात दोन्ही यंत्रे हातात धरून, सर्वांत कमी वेगावर चालवून पाहावीत. सुरू होताना झटका बसत असेल, तर कंपाउंडचे शिंतोडे काचेवर उडालेच म्हणून समजा.

बॅकिंग प्लेट (पॅड ज्यावर बसते ती चकती) घेताना यंत्राच्या स्पिंडलचा, म्हणजे फिरत्या दांड्याचा, आटा एम14 (14 मिमी) आहे याची खात्री करावी. 100 मिमीच्या ग्राइंडरचा आटा सहसा एम10 असतो, त्यामुळे त्याची प्लेट बसत नाही. तोच ग्राइंडर पॉलिशसाठी वापरण्याचा मोह तर मुळीच नको, कारण त्याचा वेग 11,000 च्या आसपास असतो. प्लेट 125 मिमीची घ्यावी. 180 मिमीची छतासाठी ठीक, पण फेंडरच्या वळणांवर आवरत नाही.

तरीही, गाडी एकच असेल आणि हात बसलेला नसेल, तर मी रोटरीऐवजी ड्युअल ॲक्शन यंत्र, म्हणजे ज्याचे पॅड फिरता फिरता आसाभोवती डोलतेही असे यंत्र, सुचवेन. काळ्या रंगावर रोटरी हमखास होलोग्राम, म्हणजे उन्हात चमकणाऱ्या धूसर रेषा, सोडते. रोटरीच घ्यायची असेल, तर शेवटचा हात मऊ फोम पॅडने, 1,000 ते 1,200 फेऱ्यांवर, यंत्राच्या वजनापलीकडे दाब न देता फिरवावा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणाने तेलकटपणा पुसून पत्रा उन्हात तपासावा, कारण पॉलिशमधील तेलाखाली राहिलेले ओरखडे झाकले जातात.