मोलेच्या जंगलात दीड दिवस

प्रश्न : डिसेंबरअखेरीस मोले राष्ट्रीय उद्यानात छायाचित्रणासाठी दीड दिवस जाणार आहे. ७०-३०० मिमीची लेन्स आहे. नियोजन कसे करावे? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : गोव्यातील हे एकमेव राष्ट्रीय उद्यान सुमारे १०७ चौरस किलोमीटरचे आहे, दीड दिवसात ते पालथे घालण्याचा हट्ट धरू नये, आणि दूधसागर तर मध्ये घुसवूच नये, कारण जीपच्या रांगेतच सकाळचा उजेड सरतो. त्यापेक्षा पहाटे तांबडी सुर्ला येथील कदंबकालीन महादेव मंदिराच्या परिसरात पोहोचावे. दाट झाडीखाली उजेड फार कमी असतो आणि आपली लेन्स ३०० मिमीला बहुधा एफ ५.६ एवढीच उघडते, म्हणजे उजेड थोडाच आत येतो, म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १६०० ते ३२०० ठेवण्यास कचरू नये. दाणेदार चित्र चालेल, हललेले नाही. कर्णा (मलबार ट्रोगन) हा पक्षी मधल्या उंचीच्या फांदीवर बराच वेळ निश्चल बसतो, पण अनेकदा (आमचा अनुभव!) पाठमोरा, आणि मग नराचे तांबडे पोट दिसतच नाही, अशा वेळी पुढे न सरकता थांबावे. उरलेला अर्धा दिवस राज्यपक्षी असलेल्या लालकंठी बुलबुलासाठी ठेवावा. तो फळांनी लगडलेल्या झाडावर येतो, तेव्हा तसे झाड आदल्या संध्याकाळीच हेरून ठेवावे.