विरळ झाडांखालच्या गवताला काय म्हणायचं?

अंबडकडच्या एका वाचकानं विचारलंय: शेताच्या कडेला दीड एकराचा तुकडा आहे. सात-आठ बाभळी, दोन लिंबं, खाली गवत. दिवाळीपर्यंत राखून कापतो, मग जनावरं सोडतो. याला 'वनकुरण' म्हटलं तर चालेल का?

चालेल, पण मी म्हणणार नाही. तो वनशेतीच्या पुस्तकांतला शब्द. गावात 'वन' म्हटलं की आधी खाकी कपडे आठवतात.

आपल्याकडे अशा जमिनीला नाव पडतं ते झाडांवरून कमी, गवतावर हक्क कुणाचा यावरून जास्त. राखलेलं गवत ते कुरण. राखण उठवून गुरं सोडली तरी नाव तेच. गावच्या गुरांसाठी ठेवलेली सरकारी जमीन म्हणजे गायरान, मग त्यात झाड असो नसो. स्वतःच्या तुकड्याला चुकूनही गायरान म्हणू नका. माळ हे तर उंचावरच्या मुरमाड जमिनीचं नाव, तिथं काय चरतं याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि रान? इतरत्र रान म्हणजे जंगल समजतील. आमच्याकडे 'बाप रानात गेलाय' म्हणजे तूर खुरपायला गेलाय. झाडं दाटली की मात्र 'बन' लागतं: बाभूळबन, चिंचबन. सात-आठ बाभळींचं काही बन होत नाही.

सरकारी आकडेवारीत आणखी गंमत. १९५० पासूनच्या नऊ प्रकारच्या जमीनवापर वर्गवारीत कायम कुरणं व चराऊ जमिनी हा एक वर्ग, किरकोळ झाडझाडोरा हा दुसरा. छपराचं गवत मात्र या दुसऱ्यात, सुरूची झाडं आणि बांबूच्या शेजारी! वनात गुरं चरत असली तरी ती जमीन वनातच मोजायची.

तेव्हा बोलताना सरळ 'बाभळीचं कुरण' म्हणा. कुणालाही कळतं, आणि झाड-गवत दोन्ही त्यात आलं. सातबाऱ्यावर आमच्या मामांच्या अशाच तुकड्याला 'गवतपड', म्हणजे गवतासाठी पड ठेवलेली जमीन, अशी नोंद लागलीय. ई-पीक पाहणीचं, म्हणजे पिकांची नोंद करायचं सरकारी ॲप पड वेगळी विचारतं, बांधावरची झाडं वेगळी. पडीच्या मधोमध उभं असलेलं हिवराचं झाड कुठं दाखवायचं, हे मामांना काही सापडेना. शेवटी त्यांनी ते बांधावर नेऊन लावलं, ॲपमध्ये.