कापशी घार, २५० मिमीची लेन्स आणि काळे पडणारे फोटो

सासवडच्या माळावर २५० मिमीच्या लेन्सने काढलेल्या फोटोंत कापशी घार (पांढऱ्या छातीचा लहान शिकारी पक्षी) काळी येते, उडताना हलते, डोळ्याला धार नाही, तर ६०० मिमीची लेन्स घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. इतक्यात घेऊ नका. यातली एकही अडचण नुसत्या लेन्सने सुटणारी नाही.

फोटो साडेदहा-अकराचे आहेत, म्हणजे धार हवेनेच खाल्ली आहे. माळ तापला की जमिनीलगतची हवा थरथरते, आणि मोठ्या लेन्सने लांबून काढाल तेवढी ही थरथर जास्त दिसते. लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं थेट चित्र) मोठा करून लांबच्या बाभळीवर धरा. खोडाची कड पाण्यासारखी हलत असेल तर बसलेल्या पक्ष्याचा नाद त्या दिवसापुरता सोडा. हिवाळ्यात सूर्योदयानंतरचे पहिले दोन तासच खरे.

जवळ जाण्यातला फायदा बघा: सुमारे ३३ सेंमीची कापशी २५ मीटरवर असेल, तर तुमच्याच २५० मिमीच्या लेन्सने २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर) चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण ९०० पिक्सेल मिळतात. ५० मीटरवर त्याच्या निम्मे. पायी गेलात तर ती उडणारच. गाडीतून जा, थेट तिच्या रोखाने न जाता तिरके, आणि थांबल्यावर इंजिन बंद. खिडकीवर दोनेक किलो तांदळाची कापडी पिशवी ठेवा, पण ठासून भरू नका, लेन्स तिच्यात रुतली पाहिजे. कापशी खाली गवताकडे बघायचं सोडून सारखी तुमच्याकडे बघायला लागली की तिथेच थांबा.

काळेपणा मीटरिंगमुळे, म्हणजे कॅमेरा उजेड मोजतो त्यामुळे येतो. कॅमेरा उजळ आभाळ बघून पक्ष्याचा उजेड कमी करतो. +१ एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनने (फोटो मुद्दाम एक पायरी उजळ करून) भागतं, पण तीच कापशी गवतावर उतरली की पांढरी छाती जळते, म्हणजे तपशील जाऊन पांढरीफट होते. म्हणून मॅन्युअल: शटर १/२००० सेकंद, अ‍ॅपर्चर एफ ५.६, आणि छातीवर हायलाइटची सूचना (जळलेला भाग दाखवणारी) लुकलुकणार नाही इतका आयएसओ. ऑटो आयएसओ बंद. मग मागे आभाळ असो की गवत, आकडे तेच; ढग आला तरच बदला.

उडतानाच्या फोटोसाठी ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी घ्या. पक्षी वाऱ्याला तोंड देऊन झेप घेतो, म्हणजे तुमच्याकडेच येतो. झेपेआधी तो बहुतेकदा शिटतो, पिसं अंगाशी आवळतो, पुढे झुकतो. बर्स्ट (सलग भराभर फोटो) तेव्हा सुरू करा. बसल्यापासूनच दाबून ठेवलंत तर ऐन झेपेला बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरलेला असतो. फोकस कंटिन्युअस (हलत्या पक्ष्यामागे सतत बदलणारा), मधल्या लहान झोनवर. सगळे पॉइंट चालू ठेवलेत तर मागचं गवत फोकस पळवतं. कापशी हवेत एका जागी पंख मारत थांबते, पाय सोडून टप्प्याटप्प्याने खाली येते, त्यामुळे सरावाला इतका सोयीचा शिकारी पक्षी दुसरा नाही.

घरट्याजवळ मात्र कॅमेरा नेऊच नका. पालक उडाले की अंडी-पिल्लं उन्हात उघडी पडतात, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यात घरट्याला त्रास देणं शिकारीतच मोडतं. भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी रात्री गवतात जमिनीवरच बसतात, तेव्हा संध्याकाळी चाकोरी सोडून गाडी घालू नका.

मासळीबाजारावरच्या साध्या घारींवर हेच करून बघा. त्या गडद, म्हणून आयएसओ थोडा वर. दहातले सहा धारदार यायला लागले की ६०० मिमी आधी दोन दिवस भाड्याने आणा आणि खिडकीतून पेलते का ते बघा.