प्रलयोत्तर रोल-प्लेइंग गेममध्ये भीती कशातून निर्माण होते?

आपला प्रश्न असा आहे की 'फॉलआउट ४' हा गेम 'व्हेरी हार्ड' पातळीवर खेळूनही त्या उद्ध्वस्त जगाची धास्ती का वाटली नाही, लढाया नुसत्या लांबल्या असे का वाटले, आणि वातावरण व आव्हान या दोन्ही गोष्टी एकत्र अनुभवता येतील असे गेम कोणते. या प्रकारचे गेम मी अनेक वर्षे आवडीने खेळत आलो आहे आणि हा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. 'फॉलआउट'च्या पहिल्या भागाच्या कथानकातील काही गोष्टी पुढे येतील. शेवट मात्र उघड करणार नाही.

अणुयुद्धानंतरच्या जगातले गेम चित्रे, संगीत आणि पडक्या इमारती यांच्या बळावर वातावरणाचा निम्माच भाग उभा करू शकतात, असे माझे मत आहे. उरलेला निम्मा भाग टंचाईच्या नियमांतून येतो. पाणी, औषध, गोळ्या, वेळ आणि पाठीवरचे ओझे यांपैकी कशाची तरी खरी चणचण खेळाडूला भासली पाहिजे. ती भासली नाही, तर कितीही सुंदर रंगवलेले ओसाड शहर काही तासांत नुसता देखावा होऊन जाते.

'व्हेरी हार्ड' पातळीवर नेमके काय बदलते ते पाहिले की आपल्या अनुभवाचे कारण सापडते. तिथे तुमच्या गोळीचा घाव कमी होतो आणि शत्रूचा घाव वाढतो. बाकी जग जवळपास जसेच्या तसे राहते. फाटक्या कपड्यांतला एक लुटारू डोक्यात अनेक गोळ्या घेऊनही उभा राहतो आणि तो पडल्यावर त्याच्या अंगावर, शेजारच्या पेटीत, पुढच्या खोलीत नव्या गोळ्या मिळतातच. आव्हान वाढले, पण ते ज्या जगाची गोष्ट सांगितली जात आहे त्या जगातून आलेले नाही, आणि म्हणून त्या जगावरचा विश्वासच कमी होतो. आकडे वाढवून कठीण केलेला गेम खेळाडूला दमवतो. घाबरवण्यासाठी खेळाडूला काहीतरी गमावण्याची शक्यता सतत दिसत राहावी लागते.

याचे माझ्या माहितीतले सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे १९९७ साली इंटरप्ले या कंपनीने काढलेला पहिला 'फॉलआउट'. टिम केन यांनी त्याची सुरुवात केली, आणि १९८८ सालच्या 'वेस्टलँड' या इंटरप्लेच्याच जुन्या गेमचा वारसा त्याच्यामागे होता. २०७७ सालच्या अणुयुद्धानंतर काही माणसे व्हॉल्ट नावाच्या भूमिगत आश्रयस्थानांत पिढ्यान्पिढ्या राहत आहेत. २१६१ सालच्या डिसेंबरात व्हॉल्ट १३ मधील पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची चिप बिघडते आणि नवी चिप आणण्यासाठी तुम्हाला बाहेर पाठवले जाते. मुदत १५० दिवसांची. किती दिवस उरले हे तुमच्या मनगटावरचा पिप-बॉय हा छोटा संगणक दाखवतो, आणि मुदत संपली की व्हॉल्टमधली माणसे मरतात व गेम तिथेच संपतो.

ही मुदत वरवर दिसते त्यापेक्षा फार खोलवर काम करते. नकाशावर एका वस्तीतून दुसरीकडे जाताना दिवस पुढे सरकत राहतात. जखमी झालात तर विश्रांती घेऊन बरे होता येते, पण विश्रांतीला वेळ लागतो. प्रथमोपचाराला वेळ लागतो, मोडलेला हात-पाय ठीक करायला वेळ लागतो. याचा अर्थ असा की एखाद्या गुहेतल्या विंचवांशी निष्काळजीपणे केलेली लढाई तुमच्या घरच्या माणसांच्या पाण्यातून वजा होते. लढाई, प्रवास, उपचार आणि कथा हे सगळे एकाच हिशेबात बांधलेले आहे. अनुभवी खेळाडूला १५० दिवस पुरून उरतात हे खरे. पण पहिल्यांदा खेळणाऱ्याला चिप कुठे आहे, अंतरे किती आहेत, वाटेत काय भेटेल यातले काहीच माहीत नसते, आणि त्या अज्ञानातच धास्ती असते. सुरुवातीला तुमच्या नकाशावर व्हॉल्ट १५ ची खूण असते. तिथे पोहोचल्यावर कळते की खाली उतरायला दोर लागतो, आणि दोर नसेल तर परत फिरावे लागते. दोरासारख्या साध्या वस्तूसाठी दिवस खर्ची पडणे ही गोष्ट मला मोठ्या राक्षसाशी झालेल्या लढाईपेक्षा जास्त लक्षात राहिली आहे.

पाण्याचा हा धागा पुढेही सुटत नाही. या जगात बाटल्यांची झाकणे चलन म्हणून वापरतात, आणि त्या झाकणांना किंमत आहे ती हब या व्यापारी शहरातील पाण्याचे व्यापारी ती स्वीकारतात म्हणून. ज्यांनी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली आहे, त्यांना पाण्याच्या आधारावर चलन कसे उभे राहते हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. याच व्यापाऱ्यांना पैसे देऊन तुम्ही व्हॉल्ट १३ कडे पाण्याचा तांडा पाठवू शकता; मुदत १०० दिवसांनी वाढते, पण त्यामुळे व्हॉल्टचा ठावठिकाणा बाहेर फुटण्याचा धोकाही वाढतो. मदत मागितली की गुप्तता जाते, असा हा सौदा आहे. चिप जिथे मिळते त्या नेक्रोपोलिस शहरात किरणोत्सर्गाने विद्रूप झालेली, पण माणसांसारखीच विचार करणारी घूल मंडळी राहतात. त्यांचे पाणीही त्याच यंत्रणेवर चालते. पंप दुरुस्त न करता चिप उचलून नेली तर त्यांचे हाल ठरलेले आहेत. दुरुस्त करायचा असेल तर सुटे भाग शोधावे लागतात आणि तोपर्यंत तुमचे दिवस सरत असतात. नैतिक प्रश्न विचारणारे गेम पुष्कळ आहेत, पण इथे चांगुलपणाची किंमत मिनिटा-तासांत मोजून घेतली जाते, म्हणून तो प्रश्न खरा वाटतो.

'ग्लो' नावाच्या ठिकाणाचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. बॉम्बच्या माऱ्याने झालेला प्रचंड खड्डा आणि त्याच्या पोटातली एक संशोधन संस्था असे ते ठिकाण आहे. तिथे वरच्या मजल्यांवर शत्रू जवळपास नाहीतच. किरणोत्सर्ग डोळ्यांना दिसत नाही, शरीरावर त्याचा परिणाम लगेच जाणवत नाही, आणि मोजण्याचे यंत्र जवळ नसेल तर आपण किती मात्रा घेतली हे कळायला मार्ग नसतो. आधीच किरणोत्सर्गापासून बचाव करणाऱ्या रॅड-एक्स या औषधाच्या गोळ्या घेऊन उतरलेला खेळाडू वाचतो. घाईने उतरलेला खेळाडू तिथून बाहेर पडल्यावर, वाळवंटात चालता चालता कोसळतो. मार्क मॉर्गन यांचे संथ, गुरगुरणारे संगीत, कोपऱ्यातल्या चौकटीत उमटणारी हिरव्या अक्षरांतली वर्णने आणि रिकाम्या मार्गिका यांचा परिणाम होतोच. परंतु तो इतका तीव्र होण्याचे कारण हे की त्या शांततेत प्रत्येक मिनिट तुम्हाला शारीरिक अपाय करत असते. वातावरण आणि आव्हान इथे वेगळे काढून दाखवता येत नाहीत.

या गेमचे दोषही सांगितले पाहिजेत. सोबती तुमच्या ताब्यात नसतात आणि गर्दीत गोळीबार करताना तुमच्याच पाठीत गोळ्या घालतात. हे आव्हान कुणाला हवे असेल असे मला वाटत नाही. शिवाय पॉवर आर्मर हे यांत्रिक चिलखत हाती आले की सामान्य शत्रूंच्या गोळ्या अंगावरून निथळून जातात आणि उत्तरार्धात ती आधीची धास्ती बरीच ओसरते. टंचाई संपली की प्रलयही संपतो, हा या संपूर्ण प्रकाराचा जुना दोष आहे. बहुतेक गेममध्ये पहिले दहा-पंधरा तास माणूस उपाशी, घाबरलेला प्रवासी असतो आणि त्यानंतर तो चालतेफिरते शस्त्रागार होतो. लेव्हल, म्हणजे आपल्या पात्राच्या ताकदीची पायरी, वाढत जाणे हा रोल-प्लेइंगचा प्राण आहे आणि दुबळेपणा हा प्रलयाचा. या दोघांत भांडण आहे, आणि ते मिटवण्याचे प्रयत्न कोणी कसे केले यावर मी या गेमांची पारख करतो.

ऑब्सिडियन या कंपनीने २०१० साली केलेल्या 'फॉलआउट: न्यू वेगास'ने हे भांडण बऱ्याच प्रमाणात मिटवले. सुरुवातीच्या गुडस्प्रिंग्स गावातून उत्तरेला न्यू वेगास शहर जवळच वाटते, लकी ३८ या कॅसिनोचा मनोरा दुरून खुणावत असतो. पण सरळ उत्तरेच्या रस्त्यावर खाणीचा परिसर डेथक्लॉ या अक्राळविक्राळ प्राण्यांनी व्यापलेला आहे आणि ते तुमची लेव्हल पाहून दुबळे होत नाहीत. बहुतेक खेळाडूंना दक्षिणेकडून प्रिम, निप्टन, नोव्हॅक असा मोठा वळसा घालावा लागतो. भूगोलच आव्हान झालेला आहे आणि तोच कथाही सांगतो, कारण त्या वळशावरच तुम्हाला या प्रदेशातल्या सत्तांची ओळख होते. हिंमत आणि कौशल्य असेल तर लपतछपत उत्तरेने निसटूनही जाता येते. गेम अडवत नाही, फक्त परिणाम भोगायला लावतो.

याच गेममध्ये 'हार्डकोर' नावाची वेगळी सोय आहे, आणि ती लढाईच्या कठीण पातळीपासून स्वतंत्र ठेवलेली आहे. तहान, भूक आणि झोप सांभाळावी लागते, गोळ्यांना वजन असते, औषधाने जखम क्षणात न भरता हळूहळू भरते, मोडलेल्या अवयवासाठी डॉक्टर किंवा डॉक्टरची पिशवी शोधावी लागते. हे नियम शत्रूला एका गोळीनेही बळकट करत नाहीत. तरीही गेम जिथे घडतो त्या मोहावी वाळवंटातून जाताना विहीर दिसली की बरे वाटते, आणि हे बरे वाटणे ही माझ्या दृष्टीने फार मोठी कमाई आहे. तहान भागवणे मात्र पुढे फारच सोपे होते, ही या व्यवस्थेतली उणीव आहे. गेमचे दिग्दर्शक जोश सॉयर यांनी नंतर स्वतःच एक मॉड, म्हणजे गेमचे नियम बदलणारी जोड, प्रसिद्ध केला. त्यात पाठीवर वाहता येणाऱ्या ओझ्याची मूळ मर्यादा १५० वरून ५० वर आणली आणि लेव्हलची कमाल मर्यादा ३५ ठेवली. निर्मात्याने स्वतःच जगाला पुन्हा दुर्भिक्ष देण्याचा हा प्रयत्न मला अत्यंत बोलका वाटतो.

'न्यू वेगास'च्याच 'डेड मनी' या पुरवणी भागात हे सूत्र टोकाला नेलेले आहे. तिथे पाऊल ठेवताच तुमची सर्व शस्त्रे काढून घेतली जातात, गळ्यात स्फोटक पट्टा अडकवला जातो, हवेत विषारी ढग असतो आणि कुठल्यातरी कोपऱ्यातला जुना रेडिओ वाजू लागला की पट्टा टिकटिक करू लागतो. अनेकांना हा भाग अजिबात आवडत नाही. त्यांची तक्रार मला समजते, कारण रेडिओ शोधण्याची धडपड काही ठिकाणी कंटाळवाणी होते. पण शेवटी तिजोरीत सोन्याच्या ३७ विटा दिसतात, प्रत्येकीचे वजन ३५, आणि सगळ्या घेऊन धावणे बहुतेकांना अशक्य असते. हावेची गोष्ट सांगणाऱ्या भागाने हावेला वजन दिले आहे. संवादांतून जे वाचून विसरलो असतो ते पायांना जाणवते.

भूमिगत स्थानकांत घडणारा २०१५ सालचा 'अंडररेल' हा सर्बियातील छोट्या चमूचा गेमही मी आवर्जून सुचवेन, मात्र तो निर्दयपणे कठीण आहे. त्यात 'ऑडिटी' नावाची एक पद्धत निवडता येते. मग शत्रू मारल्याने अनुभवाचे गुण मिळत नाहीत, तर जुन्या जगाच्या विचित्र उरल्यासुरल्या वस्तू शोधून अभ्यासल्याने मिळतात. त्यामुळे अंधाऱ्या बोगद्यात शिरण्याचे कारणच बदलते. लढाई टाळून, जीव मुठीत धरून एखादी पेटी गाठणे हेच यश ठरते.

आता आपल्याकडे आधीच असलेल्या गेमविषयी. 'फॉलआउट ४' मध्ये २०१६ साली 'सर्व्हायव्हल' पातळी पूर्णपणे नव्याने रचली गेली. तिथे तुमचा घावही जबर आणि शत्रूचाही जबर, त्यामुळे लढाया लहान व जीवघेण्या होतात. भूक, तहान, आजार येतात, नकाशावर टिचकी मारून उडी घेता येत नाही आणि गेम सेव्ह करण्यासाठी झोपायला पलंग किंवा अंथरूण शोधावे लागते. दर दोन मिनिटांनी सेव्ह करण्याची मुभा असली की कोणतेही संकट खरे राहत नाही. अंथरुणाच्या या एका नियमाने हा गेम जिथे घडतो त्या बॉस्टनच्या पडक्या घरांना अर्थ येतो, कारण प्रत्येक घराकडे पाहताना आत रात्र काढता येईल का हा विचार मनात येतो. काहींना एका चुकीमुळे तासभराचा खेळ वाया जाणे असह्य होते, आणि ज्यांना खेळायला आठवड्यातून एखादीच रात्र मिळते त्यांच्यासाठी ही पद्धत मी सुचवणार नाही. कथेसाठी सोप्या पातळीवर खेळण्यात कमीपणाही काही नाही. फक्त मग धास्तीची अपेक्षा ठेवू नये.

म्हणून माझी शिफारस अशी की प्रथम याच गेमची 'सर्व्हायव्हल' पातळी पाच-सहा तास वापरून पाहावी. ती रुचली तर 'न्यू वेगास' घ्यावा, 'हार्डकोर' चालू ठेवावा आणि लढाईची पातळी मधलीच ठेवावी. त्यानंतर पहिला 'फॉलआउट'. त्याची मांडणी जुनी आहे, वस्तू उचलण्या-ठेवण्यातही सुरुवातीला वेळ जातो, तरी पहिल्या दोन वस्त्यांपर्यंत धीर धरावा. त्या गेममध्ये बोलण्याचे कौशल्य चांगले ठेवावे, एक दोर बरोबर बाळगावा आणि चिप कुठे आहे हे इंटरनेटवर आधी शोधू नये.