माजघर, माझे घर आणि गूज

प्रश्न असा आला आहे: 'कोकणातल्या एका पर्यटक-निवासाच्या फलकावर "माझघर" असे लिहिलेले पाहिले. मूळ शब्द माजघर की माझघर? माज म्हणजे गर्व, त्याच्याशी या शब्दाचा काही संबंध आहे का? आणि आमच्या सदनिकेतल्या हॉलला माजघर म्हटले तर चालेल का?'

शब्द माजघर असाच आहे आणि त्याचा गर्वाशी काडीचाही संबंध नाही. अंगात येतो तो माज 'मद्' धातूच्या कुळातला आहे. 'माद्यति'चे प्राकृतात 'मज्जइ' झाले आणि त्यातून आपले माजणे आले, जसे 'अद्य'पासून आज आणि 'विद्युत्'पासून वीज. माजी आमदारांचा 'माजी' तर अरबीतून आला आहे, तेव्हा त्यांनाही माजघरात घेण्याचे कारण नाही. इतके सांगून खरे तर थांबता येईल. परंतु गेली काही वर्षे जुन्या घरांच्या आठवणींचा जो बाजार भरला आहे, त्यात या शब्दाची इतकी ओढाताण झाली आहे, की थांबवत नाही. चारी बाजूंनी उघड्या मांडवाखाली टेबले मांडून त्याला माजघर म्हणतात. जाहिरातीतले निवेदक तर या शब्दातला 'ज' जीवनातल्या 'ज'सारखा उच्चारतात. तो सांजेतला 'ज' आहे, आणि सांज हे उदाहरण मी उगाच दिलेले नाही.

माजघर म्हणजे मधले घर, एवढे कोणताही कोश सांगेल. गंमत पुढे आहे. संस्कृतातल्या 'ध्य'चे प्राकृतात 'ज्झ' किंवा 'झ' होते, म्हणून 'मध्य'चे 'मज्झ' झाले, 'संध्या'चे 'संझा' झाले आणि 'उपाध्याय' या भारदस्त शब्दाचा 'उवज्झाय' होऊन पुढे उत्तरेत ओझा झाला. मराठीत येताना शेवटच्या 'झ'तला हकार, म्हणजे त्यात मिसळलेला 'ह', बहुधा गळाला, म्हणून मज्झचा माज आणि संझेची सांज. जुन्या मराठीत माज म्हणजे कंबरही, कारण शरीराचा मध्य तो. संस्कृत कवींची 'तनुमध्या', म्हणजे बारीक कमरेची, आठवावी. बाराव्या शतकात हेमचंद्र या जैन पंडितांनी प्राकृताचे जे व्याकरण रचले, त्यात 'ध्य'बरोबर 'ह्य'चाही 'झ' होतो असे एकाच सूत्रात सांगितले आहे, आणि या 'ह्य'च्या पोटात दोन मोलाचे शब्द आहेत. 'गुह्य'चे 'गुज्झ' झाले आणि त्याचे आपल्याकडे गूज झाले, ज्याला आपण हितगुजात अजून जपले आहे. म्हणजे 'सांजेला माजघरात गूज चालले होते' असे सहज बोलून जाणारी एखादी आजी एका वाक्यात त्या जैन पंडिताच्या एकाच सूत्राची तीन उदाहरणे देत असे, आणि तिला त्याचा पत्ताही नसे.

दुसरा शब्द 'मह्यम्', म्हणजे मला. त्याचेही प्राकृतात 'मज्झ'च झाले आणि ते 'माझे' या अर्थाने सर्रास वापरले गेले. त्यातूनच आपले 'मज' आणि 'माझा' हे दोन्ही शब्द आले. इथे उच्चाराची एक शिस्त दिसते: शब्दाच्या टोकाला असताना हकार गळतो, आणि पुढे स्वर आला की टिकतो. म्हणून मज पण माझा, तुज पण तुझा. आणि 'मध्य'च्या बाबतीत माजघर पण संतांच्या ओव्यांतले 'माझारी', म्हणजे मध्ये. वांझ हा शब्द या शिस्तीला जुमानत नाही, हे मला ठाऊक आहे. तो 'वंध्या'पासून आला आणि हकार घट्ट धरून बसला. त्यावरून कोणी मला पत्र लिहू नये.

तर महाराष्ट्री प्राकृत बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी 'मज्झ घर' म्हणजे 'माझे घर' आणि 'मज्झघर' म्हणजे 'मधले घर'. दोन्ही एकच. फलकावर 'माझघर' रंगवणाऱ्याने चूक केली आहे यात शंका नाही, पण ती चूक त्याला नकळत हजार-दीड हजार वर्षे मागे घेऊन गेली आहे.

आता माझे एक मत, जे कोशकारांना पटणार नाही. मराठीत 'मध्य'चे दुसरे रूपही नांदते: मधला, मधोमध, मधली आळी, मधले बोट. घरातल्या इतर मधल्या गोष्टींना आपण हेच रूप लावतो आणि मधला जिना किंवा मधले दार म्हणतो. माजजिना किंवा माजदार असे कोणी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. मग या एकाच जागेने 'ज'चे रूप का धरून ठेवले? माझे म्हणणे असे, की या शब्दात 'मधले' आणि 'माझे' असे दोन्ही ध्वनी कानाला लागत राहिले, आणि ज्या बाईचे सबंध आयुष्य त्या खोलीत गेले, तिने तो दुहेरी शब्द सोडला नाही. 'मध्य अधिक घर' असे एका ओळीत उरकून पुढच्या नोंदीकडे वळणाऱ्यांना हा प्रश्न पडलेलाच नाही. एका व्याख्यानमालेत तर एका विद्वान वक्त्यांनी माजघर हा शब्द 'मार्जनगृह' यापासून काढला, कारण ती जागा रोज झाडली जाई! झाडले तर अंगणही जात असे, आणि ते अधिक झाडले जात असे. 'मार्जन'पासून मराठीला भांडी मांजणे मिळाले असेल, खोली मिळालेली नाही. माझे मत ध्वनिनियमांच्या आत बसते, एवढे तरी त्याच्या बाजूने आहे.

हे मत ज्या घरावरून सुचले, ते माझे आजोळ. अंगण, पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागचे दार अशी एकामागोमाग एक रांग, आणि परका माणूस किती आत येतो यावरून नाते कळे. कुळे पडवीत, पाहुणे ओटीवर, आणि 'अगदी माजघरापर्यंत येणारा' म्हणजे घरचाच. सगळीकडून खोल्यांनी वेढलेल्या या जागेला खिडकी नसे. उजेड यायचा तो छपरात बसवलेल्या एका काचेच्या कौलातून. (ज्या मंगळुरी कौलांना आपण आता पुरातन म्हणतो, त्यांचा मंगळुरातला पहिला कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने 1865 साली काढला, त्यापूर्वी आपल्याकडे नळीची कौले नाहीतर गवत.) त्या काचेतून पडणारा उन्हाचा चौकोन दुपारभर सारवलेल्या जमिनीवरून सरकत असे, आणि आजी घड्याळ न पाहता सांगत असे, 'चौकोन जात्याला लागला, आधण ठेवा.' देवळीत चिमणी, खुंटीला सोवळे, कोपऱ्यात तांदळाची कणगी आणि माळ्यावर जाणारी शिडी, ज्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसण्यावरून आम्हा मुलांची भांडणे होत.

परंतु ज्यांना हे ऐकून 'किती साधे, सुंदर जीवन' असे उमाळे येतात, त्यांनी शब्दाकडे पुन्हा पाहावे. मधले घर म्हणजे ज्याला बाहेर नाही असे घर. ओटीवर वर्तमानपत्र वाचले जाई, जमिनीचे व्यवहार ठरत आणि मुलींची लग्नेही ठरत. माजघरात ती दाराआडून ऐकली जात. चुलीचा धूर आधी तिथे शिरे आणि मग कौलांतून वाट काढी. आणि महिन्याचे चार दिवस त्याच बाईला तिच्या त्या माजघरात पाऊल टाकण्याची मुभा नसे. ती मागच्या पडवीत बसे, आणि भाषेने तिच्यासाठी 'बाहेर बसणे' हा शब्दप्रयोग करून ठेवला होता. आजी मात्र ते घर विकल्यावर शहरात आली आणि पहिल्याच दिवशी मोठ्या खिडकीपाशी खुर्ची ओढून बसली. तिला माजघराची आठवण येते का, असे मी एकदा विचारले तेव्हा ती म्हणाली, 'त्या चौकोनाची येते.'

राहिला हॉलचा प्रश्न, जो मी विसरत चाललो होतो. हॉलला माजघर म्हणू नये. दार उघडताच जिथे पाऊल पडते, जिथे पाहुणे टेकतात आणि जिथे कुरिअरवाल्याला सही मिळते, ती जागा अर्थाने ओटी आहे. दिवाणखाना म्हणायचे असेल तर त्यालाही माझी हरकत नाही, तो फारसीतून आलेला शब्द आता पुरता आपला झाला आहे. हॉल हाही शब्द वाईट नाही. आमच्या सदनिकेत माजघर शोधायचेच झाले, तर स्वयंपाकघर आणि निजायची खोली यांच्यामधल्या त्या अरुंद, बिनखिडकीच्या बोळात शोधावे लागेल, जिथे फ्रिज ठेवला आहे. हॉलमध्ये कोणी पाहुणे बसलेले असताना 'यांना जेवायला थांबवायचे का?' हे घरातले दोघे एकमेकांना आवाज खाली आणून विचारतात, ते तिथेच, फ्रिजचे दार उगाचच उघडून.