बालपणीच्या भावनिक आघातातून मोठेपणी सावरता येतं का? त्यासाठी आईवडिलांना माफ करावंच लागतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यावरून माझा आणि दादाचा दहा वर्षं वाद चालू आहे. नाही, माफ करावंच लागतं असं काही नाही.

आमच्याकडे मुलांवर कुणी हात उगारला नाही. आईचं हत्यार अबोला. मी नऊ वर्षांचा होतो. पाहुण्यांसमोर बोलून गेलो, की काल आईबाबा भांडले. पाहुणे हसले, विषय संपला. आई त्या संध्याकाळपासून माझ्याशी बोलेनाशी झाली. अकरा दिवस! ताट वेळेवर समोर यायचं, कपडे धुतलेले असायचे, पण तिची नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे. निरोप दादामार्फत: "त्याला सांग, पाणी काढलंय." मी तिथेच उभा असायचो. चौथ्या दिवशी 'आई, मी चुकलो' असं लिहून कागद तिच्या उशीखाली ठेवला. सकाळी तो माझ्या कंपासपेटीत, नीट चौघडी घातलेला. बाराव्या दिवशी ती म्हणाली, "स्वेटर घाल, गार आहे." झालं. त्यावर पुन्हा कधी शब्द नाही. माझी सुटका कशामुळे झाली, हे मला आजही माहीत नाही.

आता परिणाम. बायको डोकं दुखतंय म्हणून तासभर गप्प असली, की तेवढ्यात माझं तीनदा सॉरी म्हणून होतं. "अरे, पण कशाबद्दल?" असं तिने एकदा विचारलं, तर मला सांगता येईना. साहेबांचा "संध्याकाळी भेटून जा" एवढा निरोप आला तरी दिवसभर पोटात गोळा.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७० च्या दशकातला एक प्रयोग आहे. बाळाशी खेळता खेळता आई काही मिनिटं चेहरा कोरा ठेवते. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, शेवटी रडतं, मान फिरवतं. मला तो व्हिडिओ पुरा बघवला नाही. ट्रॉनिक यांचा मुद्दा असा, की धागा सगळ्याच घरांत तुटतो. तो पुन्हा सांधला गेला की मूल सावरतं. आमच्याकडे सांधणंच नव्हतं.

दादा म्हणतो, "मारलं का कधी? उपाशी ठेवलं?" अमेरिकेत फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी १९९५ ते १९९७ दरम्यान १७ हजारांहून जास्त प्रौढांच्या बालपणाची माहिती घेतली, त्यात मारहाणीसोबत भावनिक उपेक्षाही मोजली होती. असे अनुभव जितके जास्त, तितका पुढे नैराश्याचा, व्यसनांचा, अगदी हृदयविकाराचाही धोका जास्त. हे मी त्याला फोनवर वाचून दाखवलं. "तिकडचं सांगू नकोस," म्हणाला.

मला फरक पडला तो दोन वर्षं समुपदेशकाकडे जाऊन (पहिले सहा महिने मी तिथे आईचीच वकिली करत होतो) आणि घरातल्या एका नियमामुळे. गप्प बसायला हरकत नाही, पण "रागावलेय, जेवणानंतर बोलू" एवढं सांगायचं. मागच्या वर्षी मी स्वतःच मुलीशी अर्धा दिवस बोललो नाही. लक्षात आलं तसा तिच्या खोलीत गेलो आणि चूक कबूल केली. ती म्हणाली, "बरं. मी खेळायला जाऊ?"

पोटातला गोळा गेलेला नाही. पण आता वीसेक मिनिटांत ओळखू येतो, की हा आजचा नाही.

आणि हो, रुसवा व्यक्त करायची दुसरी रीत आईलाही कुणी शिकवली नव्हती, हे मला कळतं. कळलं म्हणजे माफ केलं असं नाही. तुम्हाला माफ करून हलकं वाटत असेल तर जरूर करा. आणि झोप उडाली असेल, जुने प्रसंग डोळ्यांसमोर येत असतील किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर माझं ऐकत बसू नका, आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

दादाने त्या फोनवर मध्येच रिसीव्हर ठेवला, त्याला आज नववा दिवस. निरोप वहिनीमार्फत येतात.